दुसरी हाक

आमच्या नाशिक रोडच्या पक्षीमित्रांत ते साल अजूनही रानपिंगळ्याचं म्हणून ओळखलं जातं. इतका दुर्मिळ पक्षी पेठ रस्त्याच्या सागबनात मी नुसत्या आवाजावरून ओळखला, म्हणून माझा सत्कारही झाला. आता वय झालंय, तेव्हा खरं सांगून टाकतो. तो आवाज एका माणसाचा होता.

सत्कारानंतरच्या आठवड्यात मी त्याला पाहिलं. पहाटेच्या धुक्यात, डोक्याला मफलर गुंडाळून तो सागाखाली उभा होता. देवळात शिरावं तशा त्याने चपला काढल्या, तळवे तोंडाशी धरून हाक दिली आणि श्वास रोखून कान दिला. थोड्या वेळाने दरीपलीकडून तशीच हाक आली.

"म्हणजे तुम्हीच आवाज काढता होय?" मी म्हणालो. "आमचं अख्खं मंडळ फसलं की."

तो हसला. "पैली हाक माझी, बाबा. दुसरी माझी नाय."

"मग पाखराची?"

"पाखरू हाय का दुसरं काय, मी कधी बघाया गेलो नाय. तुम्ही बी जाऊ नका."

मी गेलो नाही, आणि मंडळात कुणाला सांगितलंही नाही. पुढे तो दिसेनासा झाला.

परवा, सगळ्यांना सांगण्याआधी एकदा खात्री करावी म्हणून, मी एकटाच तिथे गेलो. पहिली हाक द्यायला कुणी नव्हतं. तरी दरीपलीकडून दुसरी आली. मग पुन्हा आली, या वेळी जवळून. माझ्या पायांत बूट नाहीत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.