भरून परत आलेले ग्लास

कार्डावर छापलं होतं, "या वाइनला घाई नाही." आणि अगदी तळाशी, बारीक तिरप्या अक्षरांत, ज्याने हे वाक्य जन्मात कधी उच्चारलं नव्हतं त्या माणसाचं नाव होतं. उष्ट्या ग्लासांच्या ट्रेमध्ये कुणीतरी ते कार्ड विसरलं होतं. काचमावशीने ओले हात एप्रनला पुसले, कार्ड दिव्याखाली धरलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वाचता वाचता तिचे कान तापायला लागले. त्यातलं वाक्य न् वाक्य तिचं होतं.

एका रेस्टॉरंटात ती एकोणीस वर्षं ग्लास धूत होती, म्हणून तिथे सगळे तिला काचमावशीच म्हणत. बशा, पातेली, काटे-चमचे मशीनमध्ये जातात, पण वाइनचे ग्लास मशीनला दिले की काचेवर पांढुरकी झाक येते, म्हणून ते हाताने धुवायचे. कोमट पाणी, मग गरम पाणी, मग वाफेवर धरून कोरड्या सुती फडक्याने पुसायचे. पुसून झाला की ग्लास नाकाशी न्यायचा, कारण साबणाचा वास राहिला तर पुढच्या गिऱ्हाइकाची वाइन गेलीच म्हणून समजा. धुण्याआधीही ती प्रत्येक ग्लास हुंगायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दिवसाला दोनशे ग्लास हातांखालून जातात, तर त्यात काय होतं ते कळायला नको का, एवढाच तिचा विचार.

दुपारी चार वाजता, पहिली पंगत संपून दुसरी सुरू व्हायच्या आत, सगळा स्टाफ मागच्या लांब टेबलावर जेवायला बसायचा. मुख्य आचारी, ज्याला सगळे दादा म्हणत, उरल्यासुरल्याचं काहीतरी करायचा. माशाच्या शेपट्या तळायच्या, कोंबडीच्या हाडांना चिकटलेलं मांस मशरूममध्ये घालायचं, शिळ्या पावावर चीज वितळवायचं. आदल्या दिवशी उघडलेल्या बाटल्यांत जी काही वाइन उरली असेल ती दादा सगळ्यांना ग्लासात दोन-दोन बोटं वाटायचा. काचमावशी त्या दोन बोटांवर अर्धा तास काढायची. एक घास, एक घोट, पुन्हा एक घास. मग म्हणायची, "दादा, ही मशरूमबरोबर जमली. काल कोंबडीशी भांडत होती."

पुढे पुढे ती लिहून ठेवायला लागली. ऑर्डरच्या कोऱ्या चिठ्ठ्या, कानामागची पेन्सिल, आणि चिठ्ठी ग्लासांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. भाषा तिची स्वतःची. एका लाल वाइनला तिने लिहिलं होतं, "नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीचा वास." एकीला, "पेन्सिलला टोक काढल्यासारखी." आणि एका जुन्या लाल वाइनला, "हिला घाई नाही. मटण शिजेपर्यंत थांबते."

आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक खूण. रिकामा गोल म्हणजे बाटली काल उघडलेली, कारण कालची वाइन आणि आजची वाइन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. काही लाल वाइन पहिल्या दिवशी तोंडाला कोरड पाडतात आणि दुसऱ्या दिवशी वळणावर येतात. आणि गोलात फुली म्हणजे या पदार्थाबरोबर दिलेली ही वाइन हॉलमधून भरल्या ग्लासाने परत येते. एक घोट घेतला, बाजूला सारली. वेटर विचारतो, "सगळं छान होतं ना?" गिऱ्हाईक म्हणतं, "छान, छान." खरं काय ते फक्त ग्लास धुणारीला कळतं, कारण ते छान-छान सिंकमध्ये तीच ओतते.

घरीही तिचा हाच उद्योग. रविवारी दुपारी एखादी साधीशीच बाटली उघडायची आणि भाजलेल्या बटाट्यांबरोबर, आम्लेटबरोबर, मीठ लावलेल्या शेंगदाण्यांबरोबर चाखून बघायची. तिचे यजमान लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामावरून नुकतेच निवृत्त झालेले. ते इमाने-इतबारे प्रत्येक घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "आंबट आहे." दुसरा घोट घ्यायचे. "ही पण आंबट आहे." त्यावर ती हसायची आणि त्यांच्या वाटणीचा ग्लासही स्वतःकडे ओढायची. संसारात इतकी साधी सुखं असतात, आणि त्यांवर कुणाचा डोळा असेल असं कुणाला वाटेल?

पण होता. आठ महिन्यांपूर्वी मालकीणबाईंनी वाइनसाठी एक खास माणूस आणला. कोट, पॉलिश केलेले बूट आणि दीड महिन्याच्या कोर्सचं सर्टिफिकेट. ग्लासात नाक एवढं खोल घालायचा की बाहेर काढल्यावर शेंड्याला थेंब असायचा. स्टाफने पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव नाकसाहेब ठेवलं. नाकसाहेब चारच्या जेवणाला स्टाफबरोबर बसत नसे. मात्र जेवणं चालू असताना तो दोन-तीनदा ग्लासांच्या कपाटापाशी घुटमळताना दिसला होता. तेव्हा मावशीला वाटलं, बिचारा शिकतोय.

मग एका सोमवारी कपाटाच्या दारावर एकही चिठ्ठी नव्हती. नाकसाहेब म्हणाला, "मावशी, स्वच्छतेची तपासणी आहे. काचेजवळ कागद चालत नाहीत. काढून टाकले." सहा वर्षांच्या चिठ्ठ्या. नियम म्हणजे नियम, असं मावशीने स्वतःला समजावलं, आणि त्या समजूतदारपणाची तिला नंतर भयंकर चीड आली. कारण महिन्याभराने ते कार्ड छापून आलं. "पदार्थ आणि वाइन : निवडक जोड्या." इस्त्रीची चादर त्यात, पेन्सिल त्यात, घाई नसलेली वाइन त्यात. कहर म्हणजे तिचे गोलही होते. प्रत्येक जोडीपुढे सोनेरी शाईत, कुठे रिकामा गोल, कुठे फुलीचा. त्या शहाण्याने नक्षी समजून तेही उचलले होते.

त्या दिवशी घरी गेल्या गेल्या तिने यजमानांपुढे कार्ड आपटलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"हे तर तुझंच बोलणं आहे," ते म्हणाले.

"तेच सांगतेय मी."

"मोठी माणसं आहेत ती. जाऊ दे."

जाऊ दे. तीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द तिने किती वेळा ऐकले असतील. घरमालकाने पाणी तोडलं, जाऊ दे. यजमानांची बढती दुसऱ्याने पळवली, जाऊ दे. ती ताडकन म्हणाली, "अहो, जाऊ देऊन देऊन आपल्याकडे काय राहिलंय ते एकदा बघा तरी."

आता त्यांच्या लेकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, दुसऱ्या गावात राहायची. आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून तिने गुपचूप टेबल राखून ठेवलं, आणि नेमकं आईच्याच रेस्टॉरंटात. "एकोणीस वर्षं मागच्या दाराने जातेस, एकदा पुढच्या दाराने जा," ती म्हणाली. मावशीने आढेवेढे घेतले, मग कपाटातली चांगली साडी काढली. खरं सांगायचं तर तिला हॉल बघायचाच होता. इतकी वर्षं तिथून ग्लास येत होते आणि तिने तो धडपणे पाहिलाही नव्हता.

दुपारची वेळ. हॉल भरलेला. शेजारच्याच टेबलावर मालकीणबाई कुणा पाहुण्यांबरोबर बसलेल्या. नाकसाहेब कार्डं घेऊन आला, मावशीला बघून क्षणभर अडखळला, आणि लेकीकडे वळून बोलायला लागला. लेकीने कौतुकाने कार्ड वाचलं आणि बाबांसाठी पहिलीच जोडी मागवली. त्या जोडीपुढे फुलीचा गोल होता आणि लिहिलं होतं, "आमची धाडसी जोडी." जाळीवर भाजलेला मासा आणि जड लाल वाइन. येऊ दे एकदा, मावशीने ठरवलं.

मासा आला. वाइन आली, समोर उघडलेली, ताजी. यजमानांनी मासा खाल्ला, घोट घेतला आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. मावशी वाट बघत राहिली, आता आंबट म्हणतील.

"दातांत स्क्रू धरल्यासारखं लागतंय," यजमान म्हणाले. तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून त्यांनी दातांत स्क्रू धरले होते. याबाबतीत त्यांच्याइतका अधिकारी माणूस त्या हॉलमध्ये दुसरा नव्हता.

नाकसाहेब हसला. "सवय लागते हळूहळू. ही जोडी मी फार विचारपूर्वक बसवली आहे."

"साहेब," मावशी म्हणाली, "एक विचारू? या जोडीपुढे हा फुलीचा गोल आहे, त्याचा अर्थ काय?"

नाकसाहेबाची नजर कार्डावर गेली, छताकडे गेली, परत आली. "ती दर्जाची खूण आहे. सर्वोत्तम जोड्यांना असते."

"आणि रिकामा गोल?"

"तो... त्याच्या खालोखालचा दर्जा."

मावशीने मांडीवरचा नॅपकिन उचलून टेबलावर ठेवला. तिचा आवाज चढला नाही, पण ग्लास पुसताना करते तसं प्रत्येक शब्द नीट पुसून ठेवत ती बोलली. "फुलीचा गोल म्हणजे या जोडीचे ग्लास भरलेले परत येतात. मी ओतून देते रोज. म्हणून फुली मारली होती मी, की ही देऊ नका. रिकामा गोल म्हणजे बाटली काल उघडलेली. ती वाइन आज उघडून आज दिली तर घशाला कोरड पडते. तुम्ही चिठ्ठ्या नेल्यात साहेब, विचारायचं राहून गेलं तुमचं."

शेजारच्या टेबलावरचे काटे-चमचे थांबले. नाकसाहेब म्हणाला, "कसल्या चिठ्ठ्या? ते कागद कचऱ्यात गेले," आणि चिठ्ठ्या होत्या हे आपल्याच तोंडाने कबूल केलंय ते त्याला बोलून झाल्यावर कळलं. स्वयंपाकघराच्या दारात दादा येऊन उभा राहिला होता. "माझ्या समोर लिहिल्यात तिने," तो म्हणाला. "सहा वर्षं."

मालकीणबाई उठून आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसमोरचं हसू तसंच होतं. "मावशी, आज तुमचा आनंदाचा दिवस. चॉकलेट केक आमच्याकडून. एवढं काय मनावर घ्यायचं, जाऊ द्या ना आता."

मावशी उत्तर द्यायच्या आत यजमान बोलले. खुर्ची मागे सरकवून, उभे राहून. "का जाऊ द्यायचं?"

एवढंच बोलले. पण तीस वर्षांत मावशीने त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. केक न खाता तिघं पुढच्या दाराने बाहेर पडली. लेक रस्ताभर रडवेली, आपल्यामुळे सगळं झालं म्हणून. यजमान तिला म्हणत होते, "तुझ्यामुळे झालं, बरं झालं."

याउपर काहीतरी न्याय व्हायला हवा होता. झालं ते असं, की आठवड्याभरात नवी कार्डं आली. सोनेरी गोल गायब. धाडसी जोडी गायब. चादर, पेन्सिल आणि घाई नसलेली वाइन जागच्या जागी, आणि तळाशी नाव तेच, तिरप्या अक्षरांत. म्हणजे चोरी पकडली गेली म्हणून चोराने फक्त पुरावा पुसला, आणि मालकीणबाईंनी त्याला छपाई करून दिली.

मावशी ग्लास धूत राहिली. वेटर पूर्वीपासूनच तिच्या खिडकीशी येऊन हळूच विचारायचे, "मावशी, आठ नंबरने कोंबडी घेतलीये, काय देऊ?" आजवर ती सांगायची. आता तिने एकच उत्तर धरलं. "कार्डावर ज्याचं नाव आहे त्याला विचार." चारच्या जेवणालाही ती वाइन चाखून गप्प बसायची. दादाने दोनदा डिवचून बघितलं, मग सोडून दिलं. हे गप्प बसणं तिला जड जात होतं. दोन बोटं वाइन समोर असताना काही न बोलणं म्हणजे तिला उपास होता. पण ती बधली नाही.

कार्डावर आता कालच्या बाटलीची खूण नव्हती, सांगणारं कुणी नव्हतं, आणि ग्लास भरून परत यायला लागले. आधी ट्रेमध्ये दोन, मग पाच, मग एका दुपारी अकरा. मावशीने ते सिंकमध्ये न ओतता खिडकीच्या फळीवर ओळीने मांडून ठेवले. दादाने मालकीणबाईंना बोलावून ती ओळ दाखवली.

त्या आत आल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ग्लास धुण्याच्या खोलीत आल्या, वाफेने केस चिकटले म्हणून वैतागल्या, आणि सँडल ओले होऊ नयेत म्हणून उंबऱ्याच्या आतच थांबल्या. हातात कार्ड आणि पेन्सिल. "मावशी, झालं गेलं विसरा. तुम्ही जाणत्या आहात. यात जे चुकलंय ते जरा दुरुस्त करून द्या."

मावशीने हात पुसले, एक एक बोट सावकाश. कार्ड घेतलं, फळीवर सपाट ठेवलं. जोड्यांकडे बघितलंही नाही. तळाच्या तिरप्या अक्षरांवर तिने एक सरळ रेघ मारली, तिच्या खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांनी ठेवलेलं, शाळेच्या पटावर होतं तसं. कार्ड मालकीणबाईंच्या हातात दिलं आणि ती पुढचा ग्लास वाफेवर धरायला वळली.

मालकीणबाईंनी ते नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"मावशी," त्यांनी विचारलं, "ही कोण?"