अर्ध्या नारळाची तक्रार

आमच्या सिंगापुरातल्या यिशुनच्या फ्लॅटमध्ये ओट्याखालच्या कपाटात आइस्क्रीमचे रिकामे डबे आहेत. मी एकही मुद्दाम जमवलेला नाही. तरी कपाट उघडलं की चार अंगावर पडतात. ह्या सायकलवाल्यांच्या गोष्टींचं तसंच झालंय. बारशाला जा, सत्यनारायणाला जा, कुणीतरी म्हणतंच, "काकू, ती डुकराची सांगा ना." एक काढायला जावं तर मागून चार पडतात. म्हटलं, एकदा कपाटच रिकामं करू.

मंडळी तीनच. एक आमचे हे. दुसरा परांजपे, बँकेत मोठा साहेब, राहायला क्वीन्सटाउनला. तिसरा मिलिंद, पुण्याचा कॉम्प्युटरवाला, बेडोकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. दर रविवारी सकाळी तिघं बुकित तिमाच्या जंगलात सायकल चालवायला जायचे. मुळं, दगड, चिखल, चढ आणि माकडं. एवढे गुळगुळीत रस्ते असलेल्या देशात यायचं आणि जिथं रस्ता नाही तिथं सायकल घालायची! मी बसने जाऊन पार्किंगपाशी बाकावर बसायची, पोह्यांचा डबा घेऊन. तिघं घरी परत येतील याची खात्री नको?

*

ह्यांनी माउंटन बाइक आणली तेव्हा तिला स्टँड नव्हता, घंटा नव्हती, मडगार्ड नव्हतं, कॅरियर नव्हतं. हे म्हणाले, "अगं, अशीच असते."

मी म्हटलं, "अर्धवट वस्तू घरात आणायची नाही." ह्यांना घेऊन परत दुकानात गेले आणि सगळं बसवून द्यायला सांगितलं.

दुकानदार म्हातारा चिनी. माझ्याकडे बघून म्हणाला, "ऑन्टी, धिस वन माउंटन बाइक लाह."

मी म्हटलं, "माउंटनवर भूक लागत नाही?"

त्यानं मुकाट्यानं कॅरियर बसवलं. बिल करताना मात्र ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अंकल, टेक केअर." सायकल चालवताना जपा म्हणाला असणार.

*

परांजपेचे बूट पेडलमध्ये अडकायचे. खास तसे असतात म्हणे. बुटाला खाली खिळा, पेडलला खाच, टाच फिरवली की पाय सुटतो. पहिल्या दिवशी पार्किंगसमोरच्या सिग्नलला लाल दिवा लागला. परांजपे थांबला. टाच काही फिरली नाही. तो तसाच सरळ बसून हळूहळू डावीकडे कलला आणि झाड पडावं तसा रस्त्यावर आडवा झाला. आडवा झाल्यावरसुद्धा दोन्ही पाय पेडलवर, हात हँडलवर.

बसथांब्यावर त्याच्या बँकेतली एक बाई उभी होती. परांजपे तिला खालूनच म्हणाला, "गुड मॉर्निंग."

मी जाऊन त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि त्याला मोज्यांवर बाहेर ओढला. बूट सायकललाच राहिले. कोपर सोललं होतं म्हणून पोह्यांबरोबर आणलेली हळद त्यावर दाबली. सोमवारी मीटिंगमध्ये पांढऱ्या शर्टातून ती पिवळी फुटली. सगळे बघायला लागले तेव्हा त्यानं सांगितलं, "ऑरगॅनिक आहे."

*

आता मिलिंद. त्याची बायको स्नेहल हिला दिवस गेले होते आणि त्याच्या ऑफिसनं त्याचा सगळा विभाग डिसेंबरपर्यंत भारतात हलवायचं ठरवलं होतं. नोकरी गेली की इथं राहायचा पास गेला, पास गेला की गाशा गुंडाळा. त्यानं पीआरचा, म्हणजे आम्हाला इथं कायमचं राहू द्या असा अर्ज केला होता. दुसऱ्या कंपनीनं सांगितलं होतं, पीआर आण, उद्यापासून ये. अर्ज वर्षभर सरकारात पडून होता. त्यामुळे मिलिंदनं ठरवलं, पीआर येईपर्यंत हातून एकही चूक होता कामा नये. रस्त्यावर गाडी नसली तरी सिग्नलवरचा हिरवा माणूस दिसेपर्यंत तो पाय टाकायचा नाही. लिफ्टमध्ये शिंक आली तर बाहेर येऊन शिंकायचा.

जंगलातला सायकलचा ट्रॅक वन-वे. एका रविवारी मिलिंदची पाण्याची बाटली पडली. मागे दहा पावलांवर. डोळ्यांसमोर दिसतेय. पण मागे जायचं म्हणजे वन-वेच्या उलट! हा बाबा पुढे गेला, अख्खा फेरा मारला, सगळे चढ चढला, दोनदा पडला आणि बाटलीपाशी पोचला. तिथं माकड बसलं होतं आणि झाकण काढून पाणी पीत होतं.

पार्किंगला आला तेव्हा चेहरा पडलेला. मला वाटलं हाडबीड मोडलं.

म्हणाला, "काकू, इथं माकडांना खायला देणं गुन्हा आहे. प्यायला दिलं तर काय कलम लागतं?"

"तू दिलंस का? त्यानं घेतलं."

"पण बाटलीवर माझं नाव आहे ना."

नाव, फ्लॅटचा नंबर आणि ब्लड ग्रुप. सगळं स्वतःच्या हातानं चिकटवलेलं.

*

पुढे एकदा सगळे होडीनं पुलाउ उबिन बेटावर गेले. मीही गेले, आमची लेक ऋताही आली. तिथल्या वाटेवर रानडुक्कर आडवं उभं राहिलं. तिघे सायकलवीर थांबले. परांजपेचे बूट अडकलेले, तो झाडाला धरून उभा. मिलिंद म्हणाला, "डुकराला वाट द्यायचा इथं काही नियम आहे का?" ह्यांनी सायकल स्टँडला लावली. तेवढी एकच सायकल त्या बेटावर स्टँडला लागत होती. कॅरियरवर बेसनलाडवांचा डबा. डुक्कर निघालं डब्याकडे.

मी म्हटलं, "हाड!" ते हललं नाही.

ऋता म्हणाली, "मम्मी, इट डोन्ट अंडरस्टँड मराठी लाह."

तेवढ्यात ह्यांनी डब्याचं झाकण उघडलं. का, ते आजतागायत सांगितलेलं नाही. मी ह्यांच्याकडे वळले आणि फक्त एवढंच म्हणाले, "घरी चला, मग बघते."

डुक्कर जे पळालं ते खाडीत उतरेपर्यंत थांबलं नाही. पुढे सहा महिने ह्यांनी लाडू मागितला नाही.

*

दसरा आला. परांजपेनं हट्ट धरला, सायकलींची पूजा करायची आणि ट्रॅकच्या तोंडाशीच करायची. गेल्या वर्षी पूजा राहिली आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं. मिलिंद नको नको म्हणत होता, पण स्नेहल म्हणाली, "करा. आपल्याला पीआर हवाय ना, देवाला तरी कळू दे." नववा महिना लागलेल्या बाईला नाही कोण म्हणणार?

मिलिंदनं जंगलाच्या दारातली पाटी वाचून कागदावर नियम उतरवून आणले. उदबत्ती लावायची नाही, आग चालणार नाही. आपट्याची पानं म्हणून कुठल्याही झाडाला हात लावायचा नाही. झेंडूची पाकळी पडली की लगेच उचलायची. चाकाखाली लिंबू ठेवलं, ते चिरडलं, तर मिलिंदनं रस पुसून घेतला आणि साल पिशवीत बंद करून खिशात घातली. नारळसुद्धा पिशवीत घालून फोडायचा, म्हणजे पाणी सांडणार नाही.

मी म्हटलं, "देवाला नारळ दिसणार तरी कसा?"

म्हणाला, "पारदर्शक आणलीय काकू."

मी पिशवीतला नारळ दगडावर आपटला. पिशवी फाटली. एक वाटी माझ्या हातात राहिली, दुसरी उडाली आणि वरच्या वर माकडानं झेलली.

मागे रेंजर उभा. तरुण मलाय पोरगा, गणवेशात, हातात वही. "हू फीड द मंकी?"

मी मिलिंदकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला होता. हा आता खरं बोलणार, नाव सांगणार, पासचा नंबर सांगणार आणि डिसेंबरात तान्ह्या बाळाला घेऊन विमानात बसणार. त्यानं तोंड उघडलं.

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. माझी शाळा चौथीत सुटली. माझं इंग्रजी टीव्हीवरच्या पोलिसांच्या मालिकांचं.

म्हटलं, "नो फीड. मंकी थीफ. आय व्हिक्टिम."

रेंजर म्हणाला, "ऑन्टी, यू थ्रो कोकोनट."

"नो थ्रो. आय ब्रेक. ही स्नॅच. माय कोकोनट, आय बाय तेक्का मार्केट. यू राइट कम्प्लेंट."

"अगेन्स्ट... मंकी?"

"यू नो राइट, आय नो गो."

आणि मी सायकलींच्या मधोमध खाली बसले. मांडी घालून. परांजपे इंग्रजीत काहीतरी गुळगुळीत बोलायला लागला, त्याला म्हटलं, "तू गप." रेंजर माझ्याकडे बघत उभा. झाडावर माकड खोबरं खात बसलेलं. शेवटी रेंजरनं सुस्कारा टाकला आणि वही उघडली.

त्यानं लिहिलं, वन कोकोनट.

मी म्हटलं, "हाफ." आणि दुसरी वाटी दाखवली. खोटं कशाला लिहायचं?

त्यानं खोडून हाफ केलं. मग विचारलं, "विटनेस?"

परांजपे बुटाकडे बघायला लागला. हे सायकलची घंटा पुसायला लागले. मिलिंद पुढे झाला. म्हणाला, "आय सॉ. द मंकी टुक इट." त्यानं पूर्ण नाव लिहिलं, पासचा नंबर लिहिला, सही केली.

सायकल ढकलत घरी निघाला तेव्हा मला म्हणाला, "काकू, अख्खं वर्ष मी माझं नाव सरकारी वहीत येऊ दिलं नव्हतं."

*

तीन आठवड्यांनी त्याला पत्र आलं. अमुक दिवशी मूळ कागद आणि पासपोर्ट घेऊन काउंटरवर हजर राहा. बाकी काही नाही. मिलिंद म्हणाला, नारळच. स्नेहलला त्याच आठवड्यात दिवस भरत होते, म्हणून सोबत मी गेले. जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, तो मला बाळाचे कपडे कुठल्या बॅगेत भरावेत ते विचारत होता.

काउंटरवर एक पोक्त चिनी बाई. चष्मा नाकावर. तिनं पासपोर्ट बघितला. कॉम्प्युटर बघितला. मग पुन्हा मिलिंदकडे बघितलं, बराच वेळ. मिलिंदनं माझा हात धरला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माझा हात एवढा घट्ट आमच्या ह्यांनीही धरला नव्हता.

तिनं एक कागद काढला, दुसरा काढला. थाड थाड दोन शिक्के मारले आणि सगळं त्याच्यापुढे सरकवलं. "कॉंग्रॅच्युलेशन्स. पीआर अप्रूव्ह. साइन हिअर."

मिलिंदनं पेन उलटं धरलं. मी सुलटं करून दिलं. त्यानं सही केली. आम्ही उठलो, वळलो.

मागून तिनं हाक मारली. "मिस्टर, वेट."

आम्ही थांबलो. ती काउंटरवर पुढे वाकली, इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "सो हाऊ? द कोकोनट... फाइंड ऑलरेडी ऑर नॉट?"

मी परत गेले, तिच्यासमोर वाकले आणि म्हटलं, "नॉट येट."

तिनं मान डोलावली आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं.