तीन पोरं, सहा आठवडे स्पॅनिश आणि माझी भांडी

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि चार माणसं जमली की कुणीतरी शिडी लावतंच. “बाई, ते स्पेनचं सांगा ना!” मी दमलेली असते. हल्ली मी कायमच दमलेली असते. खरं सांगायचं तर त्या सहा आठवड्यांचा शीणच अजून उतरलेला नाही. पण सांगते. न सांगून सुटका थोडीच आहे!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. औरंगाबादला वाळूजकडे बघावं तेव्हा नवी शेड उभी राहत होती, आणि शहरात विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे निघत होते. मी एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. शाळेला मदत करणाऱ्या कारखान्याची स्पेनमधल्या एका कंपनीशी भागीदारी होती. एक दिवस कारखान्याच्या पर्सोनेलमधल्या साठेसाहेबांनी मला बोलावलं. कामगारांची तीन मुलं उन्हाळ्यात सहा आठवडे स्पेनला न्यायची. तिथल्या लोकांच्या घरी राहून ती स्पॅनिश शिकतील, शेवटी परीक्षा देतील. त्यात पास होणाऱ्या एकाला तिथेच दोन वर्षं मशीनवरचं शिक्षण, आणि मग कारखान्यात पक्की नोकरी. जागा एकच.

“अहो, पण मला स्पॅनिश येत नाही,” मी म्हटलं.

“इंग्रजी येतं ना? मग झालं तर! शेजारशेजारचेच देश आहेत.”

*

उन्हाळी सुट्टी म्हणजे मे महिना, हे साठेसाहेबांना इतकं पक्कं ठाऊक होतं की त्यांनी कुणाला विचारलंच नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात आमचा निरोपसमारंभ झाला. हार, नारळ, गेटवर फोटो. तिसऱ्या दिवशी टेलेक्स आला की त्यांचा उन्हाळा जुलैत सुरू होतो, तोवर कृपया येऊ नये.

सगळ्यात पंचाईत झाली गोविंदची. हा फुलंब्रीकडचा, धनगराघरचा, बाप कारखान्यात हेल्पर. पोरगं विमानात बसणार म्हणून बापाने गावजेवण घातलं होतं! आता रोज जो तो विचारणार, “अजून हितंच व्हय रं?” शेवटी बापाने त्याला मेंढरांमागे डोंगरात धाडून दिलं. गावाच्या लेखी पोरगं स्पेनला, आणि पोरगं दोन महिने गावामागच्या टेकडीवर.

साठेसाहेबांना बोलायला गेले, तर तेच माझ्यावर वैतागले. “बाई, त्यांचा उन्हाळा उशिरा येतो, त्यात माझी काय चूक?”

*

जुलैत निघालो तेव्हा स्टेशनवर फक्त घरची माणसं होती. सुजाता जाधवचे वडील मला बाजूला घेऊन गेले. ते कारखान्यात टर्नर होते. नामांतराच्या दंगलीत त्यांचं गावाकडचं घर जाळलं होतं, तेव्हापासून ते शहरात एका खोलीत राहत होते.

“बाई,” ते म्हणाले, “घर गेलं त्याचं आता काय नाय. पण ही पोर तिकडं टिकली पायजे. ती जागा हिला मिळाली पायजे. तेवढं बघा.”

मी “बघते” म्हटलं. माणूस असं काही म्हणून बसतो आणि मग सहा आठवडे त्याची झोप उडते.

गाडी सुटली. डबे उघडले. आणि मी, शिकलीसवरलेली बाई, आपल्याकडे पुरी वाढता वाढता जे विचारतात ते विचारलं, “जाधव म्हणजे गं कुठले तुम्ही?” म्हणजे बापाने एवढं सांगून झाल्यावर! मला माहीत होतं. तरी तोंडातून गेलंच. ती सवय अशी आहे की प्रश्न विचारून झाल्यावर कळतं, आपण विचारला.

सुजाताने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, “बाई, लासूर आलं.”

लासूर यायला चांगला अर्धा तास होता.

*

स्पेनमधल्या आमच्या प्रशिक्षण शाळेच्या मुख्याध्यापिका पिलारबाई. पहिल्या दिवशी त्यांनी सगळे नियम इंग्रजीत सांगितले आणि शेवटी म्हणाल्या, “हे माझं तुमच्याशी शेवटचं इंग्रजी.” आणि खरंच शेवटचं! त्यांची पद्धतच तशी होती. शाळेत पाऊल टाकलं की फक्त स्पॅनिश. कुणी आपल्या भाषेत बोललं की दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांची भांडी त्याने घासायची.

आता विचार करा. पोरं हुशार, आठ दिवसांत गप्प राहायला शिकली. गप्प राहता येत नव्हतं ते एकटीला मला. “गोविंद, पाय खाली घे!” भांडी. “अरे, तो ग्लास पडेल!” भांडी. “अगं बाई!” त्यालाही भांडी! मी भांडून पाहिलं की हे वाक्य नाही, उद्गार आहे. आणि भांडलेही मराठीतच, म्हणून दुसऱ्या दिवशीचीही भांडी.

सहा आठवडे घासली. घरून नवऱ्याचं पत्र आलं, “तुला तिकडे जरा विश्रांती मिळत असेल.” ते पत्र मी ओल्या हातानेच फाडलं.

*

तिसरा रफिक. छावणीतला, बापाचं घर शिंप्याचं, आता बाप कारखान्यात युनिफॉर्म शिवायचा. रफिकला भाषा शिकण्याची गरजच वाटत नव्हती. तो न्हाव्याकडे गेला, खुर्चीत बसला आणि सरळ दखनीत सुरू झाला. “मियां, बाजूकू जरा कम करो, ऊपरकू हात नको लगाओ.” न्हावी स्पॅनिशमध्ये काहीबाही बोलत होता, हा दखनीत उत्तरं देत होता, दोघे हसत होते. मी दारात उभी. अर्ध्या तासाने रफिक बाहेर आला, केस अगदी हवे तसे कापलेले, वर न्हाव्याच्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी!

“अरे, तुला कळलं कसं?”

“मॅडम, आप कायकू टेन्शन लेरे? बोलना अपना काम, समझना उनका!”

जेवणाचे मात्र त्याचे हाल झाले. त्या गावात डुकराचं मांस कशात घालत नाहीत ते विचारावं. रफिकच्या घरमालकीणबाई मनाने फार चांगल्या. त्यांनी त्याच्यासाठी बटाट्याचं जाड ऑम्लेट सुरू केलं. सकाळी ऑम्लेट, दुपारी शाळेतही डब्यातलं ऑम्लेट, संध्याकाळी ऑम्लेट. सहा आठवड्यांनी पोरगं छावणीत घरी पोचलं, तर आईने लाडाने ताट पुढे ठेवलं. “मेरा बच्चा इत्ते दिनोंसे भूका होगा!” ताटात ऑम्लेट.

*

दुपारी ते आख्खं गाव झोपायचं. दुकानं बंद, खिडक्या बंद. गोविंदला हे पटेचना. “बाई, दिसाढवळ्या समदेच झोपले, तर ह्यांची जित्राबं कोण बघतं?” आणि तो शोधायला निघाला.

त्याला गावाबाहेर एक म्हातारा मेंढपाळ सापडला. मग काय! शाळा सुटली की गोविंद तिकडे. त्याने कुठली मेंढी लंगडते, कुठली गाभण आहे ते हाताने दाखवलं आणि म्हाताऱ्याने त्याला पोटच्या पोरासारखं जवळ केलं. पिलारबाई खूश. भाषा अशीच शिकायची असते, असं त्या मला हातवारे करून सांगत. मी भांडी घासत मान हलवत होते.

घोटाळा पुढे झाला. म्हातारा दिवसभर बोलायचा तो मेंढरांशी आणि कुत्र्याशी, आणि कसं बोलायचा ते काय सांगू! गोविंद ते सगळं मनापासून पाठ करत होता. एका रविवारी त्याच्या घरमालकीणबाईंनी जेवायला पाद्रीबुवांना बोलावलं. गोविंदने उठून, नम्रपणे, दोन्ही हातांनी भाजीचा वाडगा त्यांच्यापुढे धरला आणि “घ्या” या अर्थाने म्हाताऱ्याचं कुत्र्याला उद्देशून असलेलं आख्खं वाक्य म्हटलं!

पाद्रीबुवांनी भाजी घेतली. नंतर मला कळलं, ते त्याच म्हाताऱ्याचे धाकटे भाऊ होते.

*

तिथल्या कचेरीत राहण्याच्या दाखल्याचा फॉर्म भरायचा होता तेव्हाची गोष्ट. तिकडे माणसाला दोन आडनावं. एक बापाचं, एक आईचं माहेरचं. दोन्ही भरल्याशिवाय खिडकीतला कारकून फॉर्म घेईना. आमचं घोडं तिथेच अडलं. रफिक म्हणाला, अम्मीला सगळे अम्मीच म्हणतात. गोविंदला तर आईला माहेरचं आडनाव असतं हेच नवीन होतं. आम्ही बाकावर बसून मामांची, मावशांची नावं आठवत होतो. मलाही जरा वेळ लागला, लाज वाटते सांगायला.

सुजाता तेवढी सरळ खिडकीशी गेली. दोन्ही आडनावं ठळक अक्षरात लिहिली, फॉर्म दिला आणि तिथेच उभी राहिली. कारकुनाने शिक्का मारला. ती उभीच. त्याने हाताने “जा” केलं.

ती माझ्याकडे आली. “बाई, त्यानं पुढचं काय विचारलंच नाय.”

“पुढचं म्हणजे?”

“काहीच नाय विचारलं,” ती म्हणाली, आणि बाकावर बसून बराच वेळ हसत राहिली. मला हसता आलं नाही.

*

आता परीक्षेचं सांगते आणि थांबते.

तोंडी परीक्षा. बाहेरगावचे एक वयस्कर परीक्षक आले होते. सुटाबुटातले, चेहऱ्यावरची माशी न हलणारे. सोबत एक जाडजूड संदर्भपुस्तक, जगातल्या देशांची, शहरांची, शिक्षणसंस्थांची माहिती असलेलं. प्रत्येकाला आपल्या गावाबद्दल स्पॅनिशमध्ये प्रश्न, आणि उत्तर खरं की खोटं ते परीक्षकांनी पुस्तकात पाहायचं. तीन उत्तरं चुकली की नापास. सोबतच्या शिक्षिकेने मागे खुर्चीवर बसायचं.

गोविंदने पहिल्याच प्रश्नाला मेंढपाळाच्या भाषेत उत्तर दिलं, त्याचं तिथेच आटोपलं. त्याला वाईट वाटलं नाही, त्याला घरी जायचं होतं. रफिक वीस मिनिटं न थांबता बोलला, त्यात स्पॅनिश शब्द दोन. तोही हसत बाहेर आला. उरली सुजाता. त्या जागेसाठी सहा आठवडे खरोखर अभ्यास तिने एकटीने केला होता. रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून क्रियापदं म्हणायची. बापाची पत्रं यायची त्यात एकच ओळ असायची, “मागं बघू नको.”

तिची सुरुवात छान झाली. मग घाबरून एक आकडा चुकली. मग एका नदीचं नाव चुकली. दोन गेली. परीक्षक पुस्तकाचं पान उलटत म्हणाले, शेवटचा प्रश्न, सोपा आहे. तुमच्या शहरात विद्यापीठ आहे का? त्याचं नाव काय?

पुस्तक टेबलावर उघडं होतं. सुजाताला ते पान दिसत होतं, मला तिच्या खांद्यावरून दिसत होतं. छापलेलं नाव, तेव्हाचं सरकारी. तेवढे शब्द वाचायचे की जागा तिची.

तुम्हाला माझं घर माहीत आहे. यजमान विद्यापीठातच हेडक्लार्क. आमच्या स्टाफरूममध्ये नाव बदला म्हणून एक अर्ज सहीला फिरला, बदलू नका म्हणून दुसरा फिरला. दोन्ही वेळेला मी पाणी प्यायला उठले होते. मला कुणाशीच वाकडं घ्यायचं नव्हतं. मी आयुष्यभर तेच केलं.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मला राहवेना. मी मागून हळूच मराठीत म्हटलं, “अगं, पुस्तकातलं सांग. एवढ्यापुरतं सांगून टाक. तुझ्या वडिलांसाठी सांग.”

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मीच काहीतरी विसरले असावे, असं पाहिलं. मग समोर वळली, सरळ बसली, आणि ज्या नावासाठी तिचं घर गेलं होतं ते नाव तिने पूर्ण सांगितलं. एकही अक्षर न गाळता, सावकाश. मग चांगल्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, “हे आमच्या विद्यापीठाचं नाव आहे.”

परीक्षकांनी पानावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मान हलवली. पेन उचललं, चुकीची खूण करायला. मग काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडे वळले. “बाई, तुम्ही त्याच शहरातल्या ना? कुणाचं बरोबर? हिचं, की पुस्तकाचं?”

खोलीत पाणी नव्हतं. उठून जायला जागाही नव्हती.

मी उभी राहिले आणि भांडी घासताना कानावर पडलेल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं, “मुलीचं बरोबर आहे. तुमचं पुस्तक जुनं आहे!”

त्यांनी पुस्तक मिटलं, पहिलं पान काढून छपाईचं साल पाहिलं. “खरंच की, जुनं आहे,” म्हणाले. मग पुन्हा विद्यापीठाचं पान उघडलं, छापलेल्या नावावर पट्टी धरून नीट एक रेघ मारली, आणि पुस्तक नि पेन दोन्ही सुजातापुढे सरकवलं.

“मला हे नाव लिहिता येणार नाही,” ते म्हणाले. “तूच लिही.”