चादरीचं दुसरं टोक

माझ्या आत्याला हळू बोलता येत नाही. जेवताना नुसतं "मीठ दे" म्हणाली तर वरच्या मजल्यावरच्या काकू मीठ घेऊन जिना उतरतील, असा आवाज. तिने एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली आहेत. तिथे धुण्याची तीन मशिनं, पिळण्याचं एक आणि चादरी वाळवणारा तो लांबलचक तापलेला रोलर, सगळं एकदम धडधडत असतं. जो ओरडत नाही तो मुका, असा तिथला कायदा. लाँड्रीत तिला सगळे भोंगा म्हणतात. तिला तो मान वाटतो.

बारकी मावशी तिची मैत्रीण. नात्यातली नव्हे, पण आमच्याकडे सणावाराचा पहिला घास तिच्यासाठी बाजूला निघायचा. दोघी एकाच महिन्यात कामाला लागल्या आणि साहेबाने दोघींना एकाच रोलरवर उभं केलं, कारण चादर घडी घालायला दोन माणसं लागतात. रोलरमधून चादर गरम बाहेर पडली की दोघींनी दोन-दोन टोकं पकडायची, झटका द्यायचा, लांबीत दुमडायची, पुन्हा दुमडायची आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. बारकीने आपली टोकं आत्याच्या हातात द्यायची आणि खाली लोंबणारी घडी उचलायची. हॉस्पिटलचा शिक्का वर. झाली. पुढची. दिवसाला सहाशे.

आता गंमत अशी की मशिनच्या आवाजात बोलणं व्हायचं ते फक्त हाताला हात लागेपर्यंत जवळ आल्यावर. म्हणजे एका चादरीला एक वाक्य, कधी अर्धंच.

"काल हे पुन्हा..." चादर. "दाराला धडकले..." चादर. "आणि म्हणतात काय..." चादर. "दारच मध्ये आलं!"

यावर दोघी पुढच्या नऊ चादरी हसल्या. आत्याने घरी येऊन मोजून सांगितलं होतं.

सकाळी रोलर तापायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं दोघींची प्रार्थना. रोलरच्या दोन बाजूंना दोघी उभ्या, डोळे मिटलेले. आत्या बारकीसाठी मागायची, बारकी आत्यासाठी. आत्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बारकीने चाळीस दिवस एक वेळ उपास केला, आणि मुळात पेन्सिलीएवढी बाई, ती आणखी टोकदार झाली. आत्या घरी आल्यावर तिला बघून म्हणाली, "अगं, आजारी कोण होतं?"

ड्रायव्हरकाका म्हणजे बारकी मावशीचा नवरा. शाळेकडे जाणारी बस तेच चालवायचे. मी चढले की म्हणायचे, "या बाईसाहेब, आपली खुर्ची झटकून ठेवलीय." रोज तेच. रोज मी हसायचे.

मागच्या वर्षी सात चादरींत मिळून बारकीने आत्याला सांगितलं: यांना बाजूचं दिसत नाही. समोरचं तेवढं दिसतं, तेही धुरकट, नळकांड्यातून बघावं तसं. डावीकडचं, उजवीकडचं गेलं. डोळे तपासायला नेतात तेव्हा तक्त्याची शेवटची ओळ ते पाठ म्हणतात. मीच पाठ करून घेतली. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. तुझ्या गळ्याची शपथ, कुणाला बोलू नकोस.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की आत्याने अचानक मला शाळेत चालत पाठवायला सुरुवात केली. "चालावं माणसाने! पाय कशाला दिलेत देवाने?" पाऊण तास! मी तीन आठवडे चालले आणि तीन आठवडे आत्या नीट जेवली नाही. पानातला घास इकडून तिकडे सरकवायची आणि म्हणायची, "भूकच मेलीय मेली."

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत प्रार्थनासभा असते. तीस खुर्च्या, एक पंखा, शेवटी बिस्किटं. मला तिथे न्यावं लागायचं नाही, मी आपणहून जायचे, कारण असलं ऐकायला कुठे मिळतं? निवृत्त मास्तर देवाला मुद्दे पाडून सांगतात. "प्रभू, मुद्दा क्रमांक एक, माझा गुडघा. त्यातही पोटमुद्दे दोन." शिंपीणबाई देवाला बातम्या देतात. "बापा, तुला कळलंच असेल, कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं." आणि शेवटच्या रांगेत कधीमधी येणारे डेपोचे साहेब, बसवर कोणाची ड्युटी कुठे हे ठरवणारे, ते प्रार्थनासुद्धा प्रवाशांना सूचना दिल्यासारखी करतात. "आशीर्वाद... थोड्याच वेळात... येत आहेत... कृपया धीर धरावा." याची नक्कल घरी केली म्हणून मी आत्याचा धपाटा खाल्लाय, पण आधी ती पोट धरून हसली होती.

त्या बुधवारी डेपोचे साहेब आले होते. बारकी मावशी आत्याच्या शेजारी, हातात हात. पाळकांनी "ज्यांच्या मनावर ओझं आहे त्यांनी बोलावं" म्हटलं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटत नाही. आत्याने मिटण्याआधी मान वळवून मागे पाहिलं. मला वाटलं, पंख्याचं बटण बघतेय.

मग भोंगा वाजला.

"प्रभू येशू! माझ्या बारकीच्या नवऱ्याच्या डोळ्यांना हात लाव! त्याला बाजूचं दिसत नाही रे. आरशातलं दिसत नाही. कडेला पोर उभं असलं तर दिसत नाही. तो बस चालवतो, तुला ठाऊक आहे. त्याला सांभाळ. बसमधल्या लेकरांना सांभाळ!"

बारकी मावशीचा हात आत्याच्या हातातून निघाला. ओढून नाही. कुणी झोपलेल्या मुलाखालून आपला हात काढून घ्यावा तसा, हळूच. "आमेन" सगळ्यांनी म्हटलं. शिंपीणबाई जरा जास्तच खणखणीत म्हणाल्या, कारण ही बातमी त्यांच्याकडे नव्हती. डेपोच्या साहेबांनी कोटाचं बटण लावलं आणि बिस्किटं न घेता निघून गेले.

आठ दिवसांत डेपोने काकांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. तिथला तक्ता वेगळा होता.

काका घरी बसले. मंडळीतल्या लोकांनी आत्याला लगेच माफ करून टाकलं, तिने मागायच्या आतच. "अहो, लाँड्रीतल्या त्या, त्यांना हळू बोलता येतं का?" "हेतू शुद्ध होता," पाळक म्हणाले. मास्तर तर घरी आले. "रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्या तुम्ही. मुद्दा क्रमांक एक, तुम्ही प्रार्थना केलीत. मुद्दा क्रमांक दोन, प्रभूने ऐकली. मुद्दा क्रमांक तीन, बालकं वाचली."

आत्या म्हणाली, "मास्तर, चहा घ्या आणि जा."

बारकी मावशीने रोलर सोडला. लाँड्रीच्या साहेबाकडे जाऊन मळक्या कपड्यांकडे बदली मागितली. तिथे वॉर्डातून आलेली गाठोडी सोडायची, रक्ताचं वेगळं, उलटीचं वेगळं. ते काम कुणी मागून घेत नाही. साहेबाने दोनदा विचारलं, "नक्की?" आत्यासमोर एक नवीन पोरगी आली. कानात गाणी घालून उभी राहते आणि टोकं जुळायच्या आधीच सोडते. सकाळची दहा मिनिटं आत्या एकटीच डोळे मिटून उभी राहायला लागली. ती पोरगी समोर जांभया द्यायची.

चर्चमध्ये बारकी मावशी पुन्हा आली नाही.

आत्या तीन वेळा तिच्या घरी गेली. तिसऱ्या वेळी मी होते. काकांनी दार उघडलं. खुर्ची खिडकीजवळ होती, पण तोंड भिंतीकडे. खालून बस गेली. "साडेपाचची," काका म्हणाले. "गिअर उशिरा टाकतोय. नवा आहे." मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या थोडं बाजूला बघून, "या बाईसाहेब." खुर्ची झटकली नाही. न्हाणीघरात नळ सोडलेला होता. आम्ही बसलो तोवर तो कुणी बंद केला नाही. आत्याने बंद दाराकडे बघत "येते गं" म्हटलं, आणि एवढंच काय ते मी तिच्या तोंडून हळू ऐकलेलं.

आठ महिने गेले. मग एका रविवारी दुपारी आत्या गच्चीवर आमच्या घरच्या चादरी दोरीवरून काढत होती, मी चिमटे गोळा करत होते, आणि जिन्यातून बारकी मावशी वर आली. आणखी बारकी झालेली. आत्याच्या हातातली चादर एका बाजूने लोंबत होती, तिची दोन टोकं तिने उचलली. झटका. दुमड. पुन्हा दुमड. दोघी चालत जवळ आल्या. मी चिमट्यांची टोपली घट्ट धरली. मनात म्हटलं, देवा, या दोघींनी आता काही बोलू नये, नुसत्या घड्या घालाव्यात.

गच्चीवर मशिनं नव्हती, तरी दोघी तशाच बोलल्या. जवळ आल्यावर, एकेक वाक्य.

"कंटाळले गं मी," बारकी मावशी म्हणाली. चादर.

"मलाही करमत नाही." चादर.

"तुझा आवाजच तसा. मला काय माहीत नाही?" बारकी मावशी हसलीसुद्धा थोडी. "चुकून निघालं तुझ्या तोंडातून. डेपोचे साहेब मागे बसलेत हे तुला कुठे दिसणार? तू एवढं म्हण. चुकून झालं म्हण. उद्या साहेबाला सांगते, रोलरवर येते."

शेवटची चादर दोघींच्या मध्ये ताणलेली होती. आत्याला फक्त मान हलवायची होती. सगळ्या मंडळीने ते खोटं आधीच इस्त्री करून तिच्या हातात ठेवलं होतं.

"दिसले होते," आत्या म्हणाली.

"काय?"

"डेपोचे साहेब. मागे वळून बघितलं होतं मी. ते आहेत हे बघितलं, आणि मग बोलले."

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. बराच वेळ.

"मला का नाही सांगितलंस? तोंडावर?"

"तू ऐकलं नसतंस."

"नसतंच ऐकलं. भांडले असते. थोबाडीत मारली असती तुझ्या." बारकी मावशीचा आवाज चढलाच नाही, तेच वाईट होतं. "पण तू माझ्याशी बोलली असतीस. तुला माझ्याशी वाईटपणा नको होता, म्हणून तू देवाला मध्ये घातलंस."

"एखादं पोर गेलं असतं चाकाखाली."

"हो. गेलं असतं," बारकी मावशी म्हणाली. "ते मला कळत नाही असं वाटतं तुला? रोज रात्री ते पोर मलाच दिसतं."

आत्याने ताणलेली चादर थोडी सैल सोडली.

"मला आता प्रार्थना जमत नाही," बारकी मावशी म्हणाली. "डोळे मिटले की तुझा आवाज येतो. 'प्रभू येशू' म्हटलं की पुढचं तूच बोलतेस. आठ महिने झाले. प्रभूचा आवाज कसा होता तेच आठवत नाही मला."

"माफ कर ना गं."

"बघते," म्हणाली ती. पण ते "बघते" कसलं होतं ते तिघींनाही कळलं. दुकानदार "उद्या बघा" म्हणतो, तसलं.

मग ती चालत पुढे आली. टोकं आत्याच्या हातात दिली, खालची घडी उचलली, कडेला कड लावली, तळहाताने सुरकुती दाबली. अर्धवट सोडली नाही. तिला ते येतच नाही. घडी आत्याच्या हातावर ठेवली आणि जिना उतरून गेली. तिच्या चपलांचा आवाज सगळ्या मजल्यांवरून खाली जाताना ऐकू आला.

मी म्हटलं, "आत्या, खोटं बोलायचं ना थोडं!"

"कुणाशी?" आत्या म्हणाली. "तिच्याशी?"

पुढच्या महिन्यात बारकी मावशीने लाँड्रीच सोडली. काकांना घेऊन दुसरीकडे राहायला गेली, तिच्या भावाच्या जवळ कुठेतरी. पत्ता शिंपीणबाईंकडेही नाही, म्हणजे बघा. निघायच्या दिवशी आत्या लाँड्रीच्या फाटकापाशी दोन तास उभी होती. मावशी मागच्या दाराने गेली.

आत्या अजून बुधवारी जाते. तिची पाळी आली की पाळक थांबतात, पंखा फिरतो, मास्तर खाकरतात, आणि आत्या हात मांडीवर ठेवून बसून राहते. थोड्या वेळाने पाळक तिच्या वतीने "आमेन" म्हणतात. मी विचारलं एकदा, मनातल्या मनात करतेस का गं? म्हणाली, "करते. ऐकणारं कुणी असलं तर ऐकेल." आणि मला बटाटे सोलायला बसवलं.

घरातल्या चादरींना तिने युक्ती काढलीय. दोन टोकं खोलीच्या दारात घालते, दार लावून घेते, आणि स्वतः मागे सरकत दुसरी दोन ताणते. मग दुमडत दुमडत दाराकडे चालत जाते. दारापाशी पोचली की थांबते. क्षणभरच. मग दार उघडून टोकं काढून घेते.

काल मी म्हटलं, "मी आहे ना रिकामी. इकडे दे, मी धरते."

"नको," ती म्हणाली. "तू ओढतेस."