आठ पिंपं आणि मधली जागा

बाबांचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी मेसच्या जेवणाची चौकशी केली, मग सुरतेत उकाडा किती वाढलाय ते सांगितलं, मग शेजारच्या लग्नाचं. एसटीडीचं मीटर पळत असताना बाबा असं पाल्हाळ कधी लावत नाहीत. मी विचारलं, "बाबा, झालंय काय?" तेव्हा म्हणाले, "हिलालनाना गेले गं. परवाच. मला आज बँकेत कळलं." मी "बरं" म्हणाले. हॉस्टेलच्या फोनसाठी रांगेत थांबलेल्या मागच्या मुलीने खांद्याला हात लावेपर्यंत मी रिसीव्हर धरून उभी होते. रडू आलं नाही. डोळ्यांपुढे आला तो चार घड्या घातलेला, घामाने मऊ पडलेला एक कागद...

हिलालनाना माझे कोणी नात्यातले नव्हते. अमळनेरकडचा, अहिराणी बोलणारा माणूस. तरुणपणी घोडेस्वारी करणाऱ्या एका साहेबाकडे मोतद्दार म्हणून लागला आणि वीस वर्षं घोड्यांची लीद काढता काढता कुंपणाबाहेरून सगळं बघत राहिला. साहेब गेल्यावर नाना सुरतेला आले. पांडेसऱ्यात कापड रंगवण्याचा कारखाना असलेल्या एका शेठने डुमस रस्त्यावरच्या आपल्या वाडीत हौसेने चार घोडे ठेवले होते, त्या पागेवर नाना राहिले. शेठच्या ओळखीतल्या आठ-दहा मुलांना ते स्वारी शिकवायचे. बाबांची बँक शेठचं काम बघायची, त्या ओळखीवर चौदाव्या वर्षी मी तिथे जाऊन पोचले. गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर टोपी आणि डोक्यात भरपूर हवा.

ती हवा नानांनी पहिल्या सहा महिन्यांत काढली. पाय टेकवायच्या रिकिबी काढून घेतल्या, चांदणी नावाच्या करड्या घोडीला लांब दोरीवर बांधलं आणि मला तिच्या पाठीवर बसवून गोल गोल फिरवत राहिले. लगामही हातात नाही. दुडकीवर आलं की मी पोत्यासारखी आपटायची. मांड्या सोलून निघायच्या, आई हळद लावायची आणि विचारायची, "हे कोणी सांगितलंय तुला?" मला उड्या मारायच्या होत्या, वेगाने पळायचं होतं. नानांना त्यात काडीचा रस नव्हता. त्यांना यायचं ते ड्रेसाज. एका आखलेल्या लांबट चौकोनात घोडीने चालायचं, दुडकायचं, कँटर म्हणजे संथ दौड करायची, वळायचं, थांबायचं, एवढंच. पण जिथे सांगितलंय तिथेच, आणि स्वाराने काही सांगितलं हे कोणाला दिसता कामा नये. प्रत्येक हालचालीला परीक्षक दहापैकी गुण देतात. बघणाऱ्याला वाटतं, यात काय मोठंसं! मलाही तसंच वाटलं होतं.

स्पर्धेत त्या चौकोनाच्या कडेने इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात. ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. या अक्षरापाशी वळा, त्या अक्षरापाशी थांबा, असा तो सगळा क्रम. आमच्या पागेत पाट्या नव्हत्या. नानांनी शेठच्या कारखान्यातून रंगाची रिकामी पिंपं आणली होती. आतल्या रंगाचे ओघळ बाहेर आलेले, त्यामुळे प्रत्येक पिंप वेगळं ओळखू यायचं. लाल, निळं, पिवळं, जांभळं... आम्ही सगळे त्या रंगांवर शिकलो. "लाल पिंपापाशी डावीकडे, निळ्यापासून कँटर" असा पाठ. चौकोनाच्या ऐन मध्ये एक्स म्हणून जागा असते, तिला पाटी नसतेच. तिथे येऊन थांबायचं आणि परीक्षकांना नमस्कार करायचा. त्या जागेवर नाना स्वतः उभे राहायचे. घोडी थेट अंगावर आली तरी हलायचे नाहीत. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली की खाली वाकून तिचे चारही पाय बघायचे. मागचा एक पाय जरी मागे राहिला असेल तर म्हणायचे, "परत." दिवसाला तीस वेळा परत. एखादे दिवशी सगळं जमून यायचं, घोडी पाण्यासारखी वाहायची, मला वाटायचं, आलं आता. दुसऱ्या दिवशी काहीच नसायचं. मी चिडून चांदणीला टाच मारली तर नाना शांतपणे लगाम धरायचे. "उतर खाले. तिना दोस नही. तुनं डोकं ठिकानावर नही, ते तिले समजस." मग मी पायी घरी.

प्लेगच्या साली सुरत रिकामी झाली तेव्हा आम्हीही नाशिकला आत्याकडे पळालो. परत आलो तेव्हा नाना निम्मे झाले होते. गवतवाला पळून गेलेला, बाकीचे नोकर गावी. नाना एकटे नाल्याकाठचं गवत कापून आणून चार घोड्यांना घालत राहिले होते. "तुम्ही का नाही गेलात?" मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "घोडा सोडीसन? कथा जाऊ?" घोडे सोडून जायचं कुठे, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून हा माणूस सांगेल ते माझ्यासाठी ब्रह्मवाक्य झालं. पुढे जे झालं त्याचं एक टोक इथेही आहे.

त्या हिवाळ्यात बडोद्याच्या स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. परीक्षकांनी गुणांच्या कागदावर प्रत्येक हालचालीपुढे शेरा लिहिला होता. नाना म्हणाले, "वाच." मी वाचला, मराठी करून. म्हणाले, "आखो एक डाव वाच." पुन्हा वाचला. तिसऱ्यांदाही वाचून घेतला. मला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक ऐकायची हौस. मी हसलेही. कागदाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं, पण हे माझ्या लक्षात आलं नाही.

पुढच्या वर्षी शेठने नानांना आणि मला बोलावून घेतलं. डुमस रस्त्याच्या जमिनीला भाव आला होता. "बेन, आ वखते नंबर आवे तो पागा रहेशे," शेठ म्हणाले, "नहीं तो प्लॉट पाडी दईशुं." नंबर नाही तर पागा नाही, हे बोलणं हसत हसतच होतं, पण नाना हसले नाहीत. त्यानंतरचे तीन महिने मी बारावीचं वर्ष बाजूला ठेवून पागेत पडून असायचे. आयोजकांचा लिफाफा पागेवर आला तो नानांच्याच हातात पडला. मी विचारलं, "काय आहे?" कागद खिशात घालत ते म्हणाले, "दरसालनंच शे. घोडी काय कागद वाचत नही, वं." मला ते वाक्य फार आवडलं. घरी येऊन मी ते बाबांना ऐकवलं. बाबांनी वर बघितलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

स्पर्धेत माझं नाव पहिलंच निघालं. माझ्याआधी कोणी नाही, म्हणजे बघायलाही कोणी नाही. मी आत गेले, मध्यावर थांबले, चांदणी चारही पायांवर अशी उभी राहिली की माझा ऊर भरून आला. मग लाल पिंपापाशी, म्हणजे सीच्या पाटीपाशी, डावीकडे वळले आणि घंटा वाजली. चुकलं. परीक्षकांनी उजवीकडे हात केला. मला कळेचना. उजवीकडे गेले, पुढचं पाठ केलेलं करायला लागले, पुन्हा घंटा. तिसऱ्या घंटेला परीक्षकांनी बाहेर जाण्याची खूण केली. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. बाहेर येताच आयोजकांपैकी एका बाईंनी विचारलं, "तू गेल्या वर्षीचा क्रम का केलास? नवा दोन महिन्यांपूर्वीच पाठवलाय सगळ्यांना."

मी नानांकडे बघितलं. त्यांनी खिशातून तो कागद काढला. घड्यांवर फाटायला आलेला. इतके दिवस तो त्यांनी जपून जवळ बाळगला होता. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, यंदा क्रम बदलला आहे. "हे वाचलं नाहीत तुम्ही?" नाना चांदणीच्या खुरांकडे बघत राहिले. आणि मला सगळं एकदम उलगडलं. ती पिंपं, ते "आखो वाच"... मला त्या क्षणी दया यायला हवी होती. मला राग आला. शेठ, त्यांचे पाहुणे, इतर स्वार, मोतद्दार, सगळ्यांच्या देखत मी ओरडले, "वाचता येत नाही तर तोंडाने सांगायचं होतं! अंगठेबहाद्दर माणसाच्या नादी लागून माझं वर्ष गेलं!" कागद चुरगळून मी त्यांच्या पायाशी फेकला. कोणीतरी हसलं. नानांनी वाकून कागद उचलला, हाताने सारखा केला, परत खिशात ठेवला. "मनं चुकनं, पोर," म्हणाले.

मला वाचता येत होतं. कागद मागून घ्यायला मला एक मिनिट लागलं असतं. हे मी त्या वेळी कोणाला बोलले नाही आणि पुढची काही वर्षं स्वतःलाही नाही.

मी परत पागेत गेले नाही. दोन महिन्यांत पागा उठली. तीन घोडे बाहेरगावी गेले. चांदणी कतारगामच्या एका वरातवाल्याने घेतली. पुढे एकदा संध्याकाळी मला ती दिसली. अंगावर जरीची झूल, डोक्याला तुरा, पाठीवर नवरदेव, कानाशी बँडचा गोंगाट. चौकात वरात थांबली तशी तीही थांबली... चारही पाय चौकोनी, मान खाली, अगदी नानांच्या पुढ्यात थांबायची तशी. तिथे गुण द्यायला कोणी नव्हतं. मी रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूने निघून गेले.

नानांना शेठने पांडेसऱ्याच्या कारखान्यात बॉयलरवर कोळसा ओढायला घेतलं. पन्नाशीपुढच्या, जन्मभर उघड्यावर काढलेल्या माणसाला. बारावीचा निकाल लागल्यावर ते आमच्या घरी पेढे घेऊन आले होते. त्यांचा खोकला मला जिन्यावरूनच ऐकू आला. आईला म्हटलं, सांग, मी क्लासला गेलेय. दाराआड उभी राहून मी त्यांचं ऐकत होते. "काही हरकत नही, ताई. पोर पास व्हयनी ना? बस." मग बाबा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. ती आमची शेवटची भेट, तिला भेट म्हणायची असेल तर.

फोननंतर तीन आठवड्यांनी मी सुरतेला गेले. बाबांनी त्या वेळी मला जे सांगितलं ते त्यांनी चार वर्षं पोटात ठेवलं होतं. नानांचं खातं बाबांच्याच बँकेत होतं, अंगठ्याचं. "मग मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "कोणाचं अंगठ्याचं खातं आहे ते बाहेर बोलायचं नसतं. घरीसुद्धा नाही." आणि मग म्हणाले, की त्या पेढ्यांच्या दिवशी फाटकापाशी नानांनी तो चुरगळलेला कागद काढला होता. त्यावरची अक्षरं तेवढी शिकवा म्हणाले. पुढे रविवार आला की बाबा "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून जायचे, ते पांडेसऱ्याला. महिना-दीड महिना. मला सांगायचं नाही, असं नानांनी वचन घेतलं होतं.

मी एकटीच पांडेसऱ्याला गेले. कारखान्यामागच्या चाळीतली एक खोली. नानांच्या बायकोने, काकूंनी, मला ओळखलं. "ये वं, बठ," म्हणाल्या. त्यांनी काही विचारलं असतं, बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, उन्हातून आलीस, आधी हातपाय धू, आणि परसाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "'के'मानं पानी घे. 'एच'मानं कालनं शे."

मला वाटलं, माझं ऐकण्यात काही चुकलं. मागे गेले तर भिंतीला लागून ओळीने आठ पिंपं उभी होती. आमचीच. लाल, निळं, पिवळं... रंग उडाले होते, तळ गंजले होते. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात हातभर अक्षर काढलेलं. ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. क्रम कुठेच चुकलेला नाही. ईच्या आडव्या रेघा थोड्या तिरक्या, बीचं पोट जरा मोठं. पागा उठली तेव्हा भंगारात जाणारी पिंपं नानांनी हातगाडीवर घालून आणली होती. काकूंना एक अक्षर लिहिता-वाचता येत नाही, पण ही आठ नावं त्यांच्या तोंडी बसली होती. नाना रोज म्हणवून घ्यायचे म्हणे. "बिमार पडनात तरी इचारेत, आज कोनतामा पानी भरं? मी नाव चुकनू की म्हनेत, परत."

मी तिथेच पायरीवर बसले आणि मला रडू आलं. आधी, नंतर, कधीच न आलेलं सगळं एकदम. काकू बाजूला बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "तुना बाप म्हने, अक्षरं नऊ शेतस. पन यासनी आठच रंगाडात. नववं कोठे, इचारं तं नुसतं हासेत. तुले ठाऊक शे का?"

"मधे असतं ते," मी म्हटलं. "त्याला पिंप लागत नाही."

"मंग काय लागस?"

"तिथे नाना उभे राहायचे."

काकू उठल्या, कोपऱ्यातला पाणी काढायचा डबा घेतला आणि मला दिला. मी 'के'मधलं पाणी घेऊन हात धुतले.