डायलिसिसची जीप

एकाच जीपमधून डायलिसिसला जाणाऱ्यांकडे किस्से साठतातच. अंगात पाणी साठतं, तसेच! पाणी मशीन काढून टाकतं, किस्से राहतात.

पाथर्डीहून नगरला आम्ही तिघं जायचो. मी, शिवणकाम करणाऱ्या शोभाकाकू आणि एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर बाप्पूमामा. मामींची किडनी मामांना जुळली होती. ऑपरेशनपर्यंत मामा टिकावेत, एवढाच आमच्या जीपचा नवस.

*

क्रिएटिनीन म्हणजे काय, ते नर्सबाईंनी समजावलं. स्नायू काम करतात, त्यांचा हा कचरा. किडनी तो बाहेर टाकते.

मामा म्हणाले, "म्हंजी कचरा रोज निघतोय, घंटागाडी बंद पडलीय!"

तेव्हापासून नर्सबाई नव्या पेशंटला घंटागाडीच सांगतात.

*

मशीनला लावण्याआधी वजन होतं. वाढलेलं वजन म्हणजे चोरून प्यायलेलं पाणी. काकू चपला काढायच्या, बांगड्या काढायच्या. एकदा कानातलीही काढायला लागल्या.

"काकू, पाणी कानात साठत नाही!" नर्सबाई ओरडल्या.

*

उन्हाळ्यात जीपवाला पाणपोईवर उतरला आणि घटाघट पाणी प्याला. आम्ही तिघं दुसरीकडे बघत बसलो.

तो परत आल्यावर मामांनी विचारलं, "गार हुतं का रं?"

"व्हय मामा."

"मग नीट सांग की! आमी ऐकतो."

त्यानंतर तो वाटेत कधी पाणी प्याला नाही.

*

रिपोर्ट आले की आम्ही क्रिएटिनीन मार्कांसारखं ताडून बघायचो. माझं सगळ्यांत जास्त आलं की मामा म्हणायचे, "शाळा सोडली, तरी पोरगं पहिलं आलं!"

एकदा काकूंचं एकदम उतरलं. काकू खूश!

नर्सबाई हळूच म्हणाल्या, "जेवता का नीट? अंगावर मांसच उरलं नाही, तर ते येणार कुठून?"

काकूंनी स्वतःचं मनगट धरून पाहिलं. आमचे मार्क त्या दिवशी बंद झाले.

*

मामी मामांची भाजी उकळून पाणी फेकायच्या, पोटॅशियम जावं म्हणून. ते वाढलं की हृदय बंद पडतं, हे आम्हाला पाठ होतं. शहाळ्यात तर ते भरपूर.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मामी दळणाला गेल्या होत्या, तेव्हा पुणतांब्याहून मामांची थोरली बहीण भेटायला आली. दुसऱ्या सकाळी जीपवाल्याने मामांच्या दारात हॉर्न वाजवला, तर मामी एकट्याच बाहेर आल्या.

दहाव्याला बहीण आम्हाला सांगून रडत होती, "शहाळी नेली हुती मी. नको नको म्हनत हुता. मीच हट्टानं पाजली. जाताना तेवढं तरी माझ्या हातचं गोड पानी त्याच्या तोंडात पडलं."

काकूंनी तोंड उघडलं. मामींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग नणंदेच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"लई गोड लागलं म्हनले, वन्सं."