शेजारीणबाईंचे शेवटचे वाक्य

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या शेजारीणबाई उभ्या आयुष्यात कुठे नुसत्या गेल्या असतील, असे मला वाटत नाही. त्या प्रवेश करीत. किराणा दुकानाचे आपोआप उघडणारे दार त्यांच्यासाठी उघडले, की त्या उंबरठ्यावर थांबत, हनुवटी किंचित वर करीत आणि आतल्या टोमॅटो-बटाट्यांचे लक्ष आपल्याकडे वळल्याची खात्री पटल्यावरच पाऊल टाकीत. तोवर दार मिटू लागे, पुन्हा उघडे, पुन्हा मिटे. मागे ढकलगाड्या घेऊन खोळंबलेले सभ्य लोक आकाशाकडे पाहत राहत. त्या मूळच्या इंग्लंडच्या आणि पेशाने रंगभूमीवरच्या नटी. ‘निवृत्त नटी’ असे मी मुद्दामच लिहिलेले नाही. एकदा तसे बोलून गेले होते, तेव्हा पुढचा आठवडाभर त्यांनी माझ्याशी केवळ भुवयांनी व्यवहार केला.

मी नागपूरच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला इथे आले. आमची ओळख कुकरमुळे झाली. वरणभाताची दुसरी शिट्टी झाली, तोच मागच्या दारावर टकटक झाली. दारात रेशमी गाऊन घातलेल्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या एक बाई उभ्या. “या घरात शिट्टी कोण वाजवते आहे?” त्यांनी विचारले. मी कुकरकडे बोट दाखवले. त्यांनी त्याच्याकडे आरोपीकडे पाहावे तसे पाहिले. वाचकांच्या माहितीसाठी सांगते, त्यांच्याकडच्या नाट्यगृहांत शिट्टी वाजवणे अपशकुनी मानतात. म्हणे, जड पडदे वर-खाली करणारे कामगार पूर्वी शिट्टीच्या खुणेवर दोर सोडीत. भलत्याच माणसाने शिट्टी वाजवली, की पडदा कोणाच्या तरी डोक्यावर येई. कारण सयुक्तिक आहे. मात्र त्यावरचा उतारा असा, की अपराध्याने बाहेर जावे, स्वतःभोवती तीन गिरक्या घ्याव्यात आणि दार वाजवून आत येण्याची परवानगी मागावी. अपराधी कुकर असल्यामुळे त्याला मलाच उचलून न्यावे लागले. या वयात, गरम कुकर हातात धरून मी मागच्या दाराबाहेरच्या लाकडी डेकवर गिरक्या घेत असताना सुनेने मला पाहिले. तिने फोन उचलला. आणि मुलगा कामावरून आल्याआल्या माझे ब्लडप्रेशर मोजायला बसला.

त्यांच्या कारकिर्दीची प्रदीर्घता वादातीत होती. तिची उंची तेवढी वादग्रस्त होती. विशीच्या आत त्या एका फिरत्या कंपनीत शिरल्या. ही कंपनी दर सोमवारी नवे नाटक उभे करी, म्हणजे संध्याकाळी एका नाटकात रडायचे आणि सकाळी दुसऱ्यातले संवाद पाठ करायचे. सुरुवातीला त्या मोलकरीण होत. मोलकरीण चहाचा ट्रे घेऊन येई, दिवाणखान्यात प्रेत पाही आणि ट्रे टाकून किंचाळे. पुढे त्या परिचारिका झाल्या, मग प्रेताची मावशी, मग प्रेताची आई. वय वाढत गेले, ट्रे तोच राहिला. एका नाटकाच्या दौऱ्याबरोबर त्या अमेरिकेत आल्या, इथल्याच एका दंतवैद्याशी लग्न केले आणि गावोगावच्या लहान नाट्यगृहांत, ‘इंग्रज बाई’ हवी असेल तिथे ट्रे घेऊन उभ्या राहू लागल्या. दंतवैद्य गेले, तरी भूमिका येत राहिल्या. “मी राणीसुद्धा झाले आहे,” असे त्या सांगत. चौकशीअंती कळले, की राणीचे काम करणाऱ्या बाईंना ताप आला होता आणि दुसऱ्या दिवशी त्या बऱ्या झाल्या.

त्या सर्वांना ‘डार्लिंग’ म्हणत. माझा मुलगा डार्लिंग, पोस्टमन डार्लिंग, आमच्या कॉलनीत गवत कापणाराही डार्लिंग. एवढा जिव्हाळा पाहून मी प्रथम भारावले. नंतर त्यांनीच खुलासा केला, “दर आठवड्याला नवे नाटक, नवी नावे. लक्षात कोण ठेवणार?” त्यांची कुजबुज तीन घरांपलीकडे ऐकू जाई; माइक ही दुबळ्या फुप्फुसांची सोय आहे, असे त्यांचे मत होते. अमेरिकन प्रेक्षकांविषयी त्यांना विशेष करुणा वाटे. “हे लोक कशालाही उभे राहून टाळ्या देतात. पार्किंग मिळाले तरी देतील.”

मात्र नावांपुरते असलेले विस्मरण हळूहळू स्वयंपाकघरात शिरले. एके दुपारी त्यांनी किटली गॅसवर ठेवली आणि त्या बागेत गेल्या. किटली जळाली, धुराचा भोंगा वाजला, अग्निशामक दलाची गाडी आली. बाईंनी त्या जवानांचे स्वागत दारात हात पसरून केले आणि आपण परिचारिका असताना दुसऱ्या अंकात लागलेल्या आगीचे सविस्तर वर्णन त्यांना ऐकवले. ते सौजन्याने, पाण्याचा पाइप हातात धरून ऐकत राहिले. पण ही बातमी देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला, त्यांच्या मुलीपर्यंत पोचली. मुलगी तिथे सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या पदावर. तिने घर विकून आईला आपल्याजवळ न्यायचे ठरवले. त्या दिवशी मी समोरच बसले होते. फोनच्या स्पीकरवरून मुलगी शांतपणे म्हणाली, “आई, तुझ्या काही लक्षात राहत नाही.” बाई ताठ झाल्या. “मी अजून रंगमंचावर उभी राहून माझे वाक्य बिनचूक म्हणू शकते. म्हटले, तर घराचा विषय बंद?” तिकडून उत्तर आले, “बंद. पण मी पाहायला येणार.”

आता रंगमंच कुठून आणायचा? तो आमच्या महाराष्ट्र मंडळाने पुरवला. गणेशोत्सवात एकांकिका होती. परत पुण्याला जायचे की इथेच राहायचे, यावरून भांडणारे एक कुटुंब आणि सगळे भांडून दमल्यावर आत येणारी परदेशी शेजारीण. तिला एकच वाक्य होते, तेही मराठीत: ‘बसा, मी चहा टाकते.’ त्यावर पडदा. इतक्या वर्षांत नाटकाचे शेवटचे वाक्य बाईंच्या वाट्याला कधी आलेच नव्हते. ते नेहमी ट्रेमधला चहा पिणाऱ्यांना मिळे. मी त्यांना शेजारी बसवून उच्चार शिकवायला घेतले, तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्यांच्याकडे आणखी एक नियम होता. शेवटचे वाक्य तालमीत उच्चारायचे नाही. “ते बोलले की नाटक पूर्ण होते, डार्लिंग. पूर्ण झालेल्या नाटकाला प्रेक्षक कशाला हवेत?” मी ते त्यांना एकदाच, दार लावून, हळू म्हणून दाखवावे आणि त्यांनी ते मनात ठेवावे, एवढीच सवलत मिळाली. त्यानंतर प्रत्येक तालमीत त्या दिमाखात प्रवेश करीत, सर्वांवर नजर फिरवीत आणि वाक्याच्या जागी गंभीरपणे म्हणत, “टम-टी-टम.”

आमचा दिग्दर्शक पुण्याचा, कंपनीत सॉफ्टवेअर तपासणारा. तो हवालदिल झाला. “काकू, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. एकच डायलॉग आहे, तोही टेस्ट न करता डायरेक्ट रिलीज करायचा?”

“त्या ऐकणार नाहीत,” मी म्हटले.

“मग बॅकअप म्हणून तुम्ही विंगेत उभ्या राहा. अडल्या की प्रॉम्प्ट करा.”

बाईंना हे कळले. “प्रॉम्प्टरने मला कधीही शब्द दिलेला नाही,” त्या म्हणाल्या. “बहुधा माझा शब्द त्यांच्याही लक्षात नसे.”

प्रयोगाच्या दिवशी नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला. शिट्ट्यांना बंदी घालणाऱ्या बाईंना नारळ मात्र मनापासून पटला. तिसरी घंटा झाली. मुलगी तिसऱ्या रांगेत, कोट न काढताच बसली होती. कुटुंब ठरल्याप्रमाणे भांडले. बाईंनी प्रवेश केला, थांबल्या, हनुवटी वर केली, सर्वांवर नजर फिरवली. मग काहीच झाले नाही. सभागृहात कोणी तरी खोकले. दिग्दर्शक मला कोपराने ढोसू लागला. मी सारी हयात मुलांचे पाठांतर घेतले आहे. शब्द आठवत नसलेला चेहरा मला पाठीमागूनही ओळखता येतो. मी तोंड उघडले. तोच बाईंचा पाठीमागे धरलेला हात किंचित हलला: थांब. आणि मग, शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या आजोबांनाही जाग येईल अशा स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या, “बसा, मी चहा टाकते.”

उभे राहून दिलेल्या ज्या टाळ्यांना त्या आयुष्यभर हसल्या, त्याच त्यांना मिळाल्या. मुलगीही उभी होती. पडदा मिटल्यावर बाई विंगेत आल्या, माझा दंड घट्ट धरला आणि कुजबुजल्या. प्रथमच खरोखर कुजबुजल्या. “डार्लिंग, माझा पुढचा प्रवेश कधी?”

“झाला,” मी म्हटले. “हा शेवटचा होता.”

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ते ठाऊकच होते. मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मुलीने शब्द पाळला. घराचे नावही न काढता ती परत गेली.

नाटक संपले त्याच्या पुढच्या महिन्यात बाईंनी आमच्या मागच्या दारातून प्रवेश केला. कुकरची शिट्टी झाली, तरी त्यांनी मला बाहेर पाठवले नाही. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “मी रेडमंडला जाते आहे. मुलगी नेत नाही, मी जाते आहे. रंगमंचावर यायची वेळ दुसरे ठरवतात. निघायची तरी आपण ठरवावी.” मग खुर्ची पुढे ओढून, “त्या दिवशी मी पुढचा प्रवेश विचारला, ते तुम्ही मुलीला सांगितले नाही. बरे केलेत. मी सांगितले.” मी उठून आले घातलेला चहा केला.

सामान गेले, मुलगी गाडीत बसली. बाई गाडीच्या दाराशी आल्या, थांबल्या, हनुवटी वर केली. मी त्यांना सांगितले, की आमच्यात निरोप घेताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. त्यांनी यावर गंभीरपणे विचार केला. “म्हणजे तुम्हा सगळ्यांनाच नाटक कळते,” त्या म्हणाल्या. मला वाटले, आता एखादे भारदस्त वाक्य येणार. अशा प्रसंगासाठी त्यांच्यापाशी दुसऱ्यांची पुष्कळ वाक्ये होती. त्यांनी माझा हात हातात घेतला, सगळ्या घरांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, “टम-टी-टम.”

दर रविवारी मी रेडमंडला फोन करते. हल्ली त्यांना माझे नाव आठवत नाही. पण ते पूर्वी आठवत होते, असे मानायलाही काही आधार नाही. मी डार्लिंग आहे. तिकडे पाऊस फार आणि प्रेक्षक कमी, अशी त्यांची तक्रार असते. बोलणे सरते, मग दोघी एकमेकींना टम-टी-टम म्हणून फोन ठेवतो. इकडे माझा कुकर आता हव्या तितक्या शिट्ट्या करतो. पहिली झाली, की मी मागच्या दाराकडे पाहते.